पत्र ४१: विद्यापीठातली पोथी पाहायला जाण्याआधीच्या नोंदी

२६ ऑक्टोबर, रविवार

हिला भाऊबीजेसाठी माहेरी सोडलं होतं, आज घ्यायला गेलो. जेवणं झाल्यावर मामाजींनी देवघरातलं लाल बासन खाली काढलं आणि गाठ मलाच सोडायला सांगितली. बारा वर्षं या घरचा जावई आहे, पण हा मान पहिल्यांदा मिळाला.

पोथी महानुभावांची, अक्षर बाळबोध. मजकूर म्हणजे स्थानपोथीचा संक्षेप: चक्रधरस्वामी कुठे राहिले, कुठे बसले, ती जागा देवळाच्या कोणत्या बाजूला. गावातले सगळे तिला 'मोडीतली पोथी' म्हणतात. आमच्याकडे जे वाचता येत नाही ते मोडी. एकूण पत्रे, म्हणजे पोथीची सुटी पानं, ५८. त्यातलं ४१ वं नाही. ४० व्या पत्राच्या शेवटी रिद्धपूरच्या राजमठाच्या उत्तरेकडच्या एका जागेचं वर्णन अर्ध्यात तुटतं आणि ४२ वर एकदम दुसरंच ठिकाण सुरू होतं.

मामाजींच्या घरात पिढ्यांपासून सांगतात की ४१ वर त्यांच्या गावाचं नाव होतं. गावाबाहेर निंबाखाली जो ओटा आहे, ज्याला लोक दंडवत घालतात, तो पोथीत आहे म्हणे. पान कोणा साहेबाला दाखवायला नेलं, ते परत आलं नाही.

"पान गेलं तं गेलं," मामाजी म्हणाले, "पर दुसऱ्या कोन्त्या पोथीत असनच ना थे? तुमी मास्तर हाय, पाहा बरं जरासं."

या वहीचं काम इथून सुरू.

३० ऑक्टोबर

शाळेला अजून सुट्टी आहे तोवर समाप्तीच्या ओळी लावून पाहिल्या. शेवटच्या पत्रावर शके, संवत्सर, महिना, तिथी आणि लिहिणाऱ्याचं नाव आहे. वार लिहिलेला नाही. नाव इथे देत नाही, घरच्यांची तशी इच्छा आहे.

शकाचा तिसरा आकडा कसरीने खाल्लाय. १, ६, मग भोक, मग ३. संवत्सर मात्र स्वच्छ आहे: खर. याचं गणित सोपं आहे. शकात १२ मिळवायचे, ६० ने भागायचं, उरलेली बाकी म्हणजे साठ संवत्सरांत प्रभवापासूनचा क्रमांक. खर २५ वा. सोळाशेच्या शतकात शेवटी ३ असलेले आणि बाकी २५ देणारे शक दोनच निघतात: १६३३ आणि १६९३. म्हणजे इ.स. १७११ किंवा १७७१.

साठ वर्षांचा फरक, पण मधे वऱ्हाडात काय काय होऊन गेलं. १७११ मध्ये साखरखेर्ड्याची लढाई तेरा वर्षं पुढे होती, निजामाचा इथे मागमूस नव्हता. १७७१ मध्ये नागपुरात जानोजी भोसले होते आणि वऱ्हाडचा शेतकरी भोसले आणि निजाम, दोघांना महसूल देत होता.

भोकाच्या वर आकड्याचा टवका उरलाय, तांदळाच्या कणीएवढा. ३ चाही असू शकतो, ९ चाही.

२ नोव्हेंबर, रविवार

नागपुरातल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात हस्तलिखितांचा विभाग आहे. त्यांच्या सूचीची झेरॉक्स एका मित्राने मागेच दिली होती, कपाटात धूळ खात होती. ती काढून बसलो.

जुन्या वर्णनात्मक सूच्यांची एक गोष्ट मला फार आवडते. ग्रंथाचं नाव, कर्ता एवढ्यावर त्या थांबत नाहीत. पत्रे किती, आकार किती, एका बाजूला ओळी किती, एका ओळीत अक्षरे किती, लिपी कोणती, पूर्ण की अपूर्ण, सगळं एका ओळीत. अशी सूची करणाऱ्याने प्रत्येक पोथी उघडून, बोट ठेवून अक्षरं मोजलेली असतात.

दोन गोष्टी सापडल्या. एक, आपल्याच मजकुराची दुसरी प्रत: पत्रे ३८, ओळी ११, अक्षरे ३६, लिपी सकळ (महानुभावांची गुप्त लिपी), संपूर्ण. दोन, आपल्या लेखकाच्या नावाच्या माणसाने लिहिलेल्या तीन पोथ्या, वेगवेगळ्या ग्रंथांच्या, त्यातल्या दोन शक घातलेल्या.

लगेच यादी केली. काय काय बघायचं: तीन पोथ्यांचं अक्षर, शाई, कागद, समाप्तीच्या ओळी, स्थानपोथीची प्रत पहिल्यापासून शेवटपर्यंत, शिवाय हात लागलाय तर 'ऋद्धिपूरवर्णन' या महानुभाव काव्याच्या प्रती. यादी एकतीस मुद्द्यांवर गेली. दोन दिवसांत एकतीस मुद्दे. दिवाळीचा फराळ जास्त झाल्यावर असं होतं.

५ नोव्हेंबर

विभागात फोन केला. ग्रंथपाल मॅडम बोलल्या, शांतपणे, एकेक मुद्दा सांगत. वेळ ११ ते ५, मधे १ ते २ वाचनकक्ष बंद. आधी लेखी अर्ज, सोबत ओळखपत्राची प्रत आणि एखाद्या संस्थेचं पत्र. पोथीचा क्रमांक आठ दिवस आधी कळवायचा, म्हणजे त्या काढून, स्थिती तपासून ठेवतात. दिवसाला तीनच. पेन चालणार नाही, पेन्सिल. फोटोसाठी वेगळा अर्ज, त्याची मंजुरी वरून येते, महिना-दीड महिना धरून चला.

म्हणजे जे हवं ते हाताने उतरवायचं.

मी विचारलं, हातमोजे आणायचे का? म्हणाल्या, "नको सर. मोज्यांनी पानाची कड कळत नाही आणि तीच फाटते. हात साबणाने धुवा, कोरडे करा, बस."

लेखकाच्या नावाचंही विचारलं. त्यांनी सावध केलं: दीक्षेनंतरची नावं पुन्हा पुन्हा येतात, एकाच नावाचे चार जण शंभर वर्षांत सापडतील. नाव जुळलं म्हणजे माणूस जुळला असं धरू नका.

हे मला आधी सुचायला हवं होतं.

९ नोव्हेंबर, रविवार

सासुरवाडी. पोथी नागपूरला नेऊन शेजारी शेजारी ठेवायची का, असं घाबरत विचारलं. उत्तर माहीत होतंच.

"जवाईबापू, पोथी घराच्या भाईर जात नाही. एक पान गेलं थे आलं का वापस? तुमाले पायजे तेवढे फोटू काढा."

मग पडवीत चटई टाकून सकाळच्या उजेडात फोटो काढले. ऊन थेट नको, फ्लॅश नको, प्रत्येक पानाशेजारी शाळेतली पंधरा सेंटिमीटरची पट्टी. एकशे चौदा बाजू, पाठ दुखायला लागली. साळ्याचा पोरगा पट्टी धरायला होता. त्याने विचारलं, पानावर हळद कोणी सांडली?

हळद नाही, हरताळ. लिहिताना चूक झाली की त्यावर हरताळाचा पिवळा लेप द्यायचा आणि वाळला की वर लिहायचं. हरताळात आर्सेनिक असतं, म्हणून कीडही त्या जागेला सहसा तोंड लावत नाही. आपल्या कसरीने भोक पाडलंय ते नेमकं लेप नसलेल्या जागी, हरताळापासून दोन बोटांवर. हे सांगत होतो तोवर मामाजींनी सवयीने जिभेला बोट लावून पान उलटलं. त्यांना सांगितलं की असं करू नका. ते म्हणाले, सत्तर वर्षं करू रायलो. पण मग धोतराला बोट पुसलं.

काळी शाई काजळाची, वाक्य संपल्याचे उभे दंड लाल हिंगुळाचे. काळी जराही उडालेली नाही.

१२ नोव्हेंबर

आज मोजदाद. आपल्या पोथीत बाजूला ९ ओळी, ओळीत सरासरी २८ अक्षरे, म्हणजे बाजूला २५२. पहिल्या पत्राची पुढची बाजू रीतीप्रमाणे कोरी. ५८ पत्रांच्या ११५ लिहिलेल्या बाजू, एकूण २८,९८० अक्षरे, हरवलेलं पत्र धरून.

विद्यापीठाच्या प्रतीत बाजूला ११ गुणिले ३६, म्हणजे ३९६. २८,९८० भागिले ३९६ म्हणजे ७३ आणि थोडं. कोरी बाजू धरून मजकूर ७५ व्या बाजूवर, म्हणजे ३८ व्या पत्राच्या पुढच्या बाजूवर संपायला हवा. सूचीत पत्रे ३८!

रात्री साडेअकराला हे जुळलं आणि सांगायला घरात कोणी जागं नव्हतं.

तसंच पुढे: आपल्या ४० पत्रांचा मजकूर १९,९०८ अक्षरांचा. त्यांच्या प्रतीत तो २६ व्या पत्राच्या मागच्या बाजूवर, साधारण तिसऱ्या ओळीत संपेल. तिथून पुढची ५०४ अक्षरं, म्हणजे त्यांच्या १४ ओळी, हे आपलं ४१ वं पत्र. ओळीतल्या अक्षरांचा आकडा सरासरीचा, त्यामुळे ओळी मागेपुढे होतील. पत्र २५ ते २८ धरून चालू.

१६ नोव्हेंबर, रविवार

ती प्रत सकळ लिपीत आहे आणि मला सकळ येत नाही. ही अडचण सूची पाहिली त्या दिवसापासून माहीत होती. गणितात रमून ती लांबवत होतो.

रिद्धपूरला गेलो, मोटरसायकलने. संत्र्याच्या बागांतून रस्ता, अंबियाची तोड सुरू, रस्त्याकडेला क्रेटच्या थप्प्या. आता इथे मराठी भाषेचं विद्यापीठ सुरू झालंय, म्हणून चहाच्या टपरीवरही लीळाचरित्रकार म्हाइंभटांचं नाव ऐकू येतं. शके १२०० च्या सुमारास लीळाचरित्र याच गावात लिहिलं गेलं, हे आमच्या शाळेतल्या पोरांना मी दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी कोणीतरी विचारतं, मग नागपूर-पुणं कशाला जायचं? खरं आहे. पण रिद्धपुरात लिहिलेलं रिद्धपुरातच राहिलं असं नाही. या पंथाच्या पोथ्या पंजाब आणि काबूलपर्यंत गेल्या.

एका आश्रमातल्या बाबांकडे गेलो. दंडवत प्रणाम झाला. कशासाठी हवंय ते सगळं सांगितलं, ओट्याचंही. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. सकळ म्हणजे गुप्त लिपीच. चौदाव्या शतकापासून ग्रंथ तिच्यात बंद होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे आणि वि. ल. भाव्यांनी ती उलगडून छापेपर्यंत बाहेरच्यांना आत काय आहे ते कळत नव्हतं. त्यामुळे मौन मला समजलं. मग ते म्हणाले, "छापून आलंच हाय सगळं, लपवाचं काय? पर पाटीवर शिका, मोबाइलवर नोको."

अक्षराच्या जागी दुसरं अक्षर, एवढंच तत्त्व. पण डोळ्याला जे 'दिसतं' ते वाचायचं नाही, हे डोक्याला पटवायला वेळ लागतो. पहिली ओळ: चाळीस मिनिटं.

२३ नोव्हेंबर

ओळीला पंचवीस मिनिटं. पाटीवर.

२ डिसेंबर

नगरपरिषदेच्या निवडणुकीच्या कामात चार दिवस गेले. नोंद घेण्यासारखं काही नाही. मतदान केंद्रावर दुपारी गर्दी ओसरली तेव्हा मतदान अधिकाऱ्याच्या टेबलावर सकळचे दोन शब्द गिरवले. शेजारच्या मॅडमनी विचारलं, हे उर्दू का?

४ डिसेंबर

तारीख ठरवायला बसलो. किरकोळ रजा ३१ डिसेंबरला बुडतात आणि माझ्या दोन शिल्लक आहेत. तेव्हा सरळ डिसेंबर. पण नागपुरात हिवाळी अधिवेशन. लॉजवाल्याला फोन केला तर भाव ऐकून हसू आलं, तोही हसला. वर रोज मोर्चे, रस्ते बंद. अधिवेशनानंतरच्या आठवड्यात विभागातल्या कपाटांचं धूरीकरण आहे, मॅडमनी कळवलं.

शेवटी सोमवार ५ आणि मंगळवार ६ जानेवारी. नव्या वर्षाच्या रजा वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात खर्च. मुख्याध्यापक म्हणाले, मार्चमध्ये आजारी पडू नका म्हणजे झालं.

संस्थेच्या पत्राला बारा दिवस आणि तीन चकरा लागल्या. मिळालं.

१४ डिसेंबर, रविवार

आज जे झालं त्याची मला थोडी लाजच वाटतेय.

फोटो संगणकावर लावून सहज पत्रांचे क्रमांक तपासत होतो. डाव्या समासात, खाली. ३, ९, १३, १९, २३, २९, ३०, ३१, ३२... याच माणसाच्या हातचे ३ आणि ९ पोथीतच आहेत! आणि मी दीड महिना नागपुरातल्या तीन पोथ्यांमधले आकडे बघायला निघालो होतो.

एकेक आकडा कापून शेजारी लावला. त्याचा ३ साध्या वळणाने सुरू होतो, बोरू टेकवला आणि वळवला. ९ सुरू करताना मात्र तो वर डाव्या हाताला बारीक गाठ मारतो. पाच नऊंपैकी चारांना गाठ आहे, एकाला नाही. तिनांपैकी एकालाही नाही.

मग शेवटच्या पत्रावरचा तो टवका मोठा करून पाहिला. गाठ आहे.

शके १६९३. १७७१.

मामाजींना फोन केला. घरात तीनशे वर्षांची पोथी म्हणून सांगतात, ती अडीचशेवर आली. पलीकडे जरा शांतता. मग म्हणाले, "साठ वर्स कमी झाले म्हना. पोथी तं तेच हाय ना?" आणि लगेच, "ओट्याचं पाहा तुमी."

१५ डिसेंबर

मॅडमना मेल: आधी कळवलेल्या तीन पोथ्या रद्द, माफ करा. एकच हवी, स्थानपोथीची सकळ प्रत, पत्रे २५ ते २८ आणि शेवटचं. एकतीस मुद्द्यांची यादी वहीत आहे, तिच्यावर आडवी रेघ मारली. ऋद्धिपूरवर्णनाच्या प्रती बघायचा मोह अजून आहे. दुसऱ्या दिवशी वेळ उरला तर, असं बारीक अक्षरात लिहून ठेवलं.

उत्तर तासाभरात आलं: "बरं केलंत सर. त्या तिन्हीपैकी एक पोथी चिकटलेली आहे, ती उघडताच आली नसती."

२८ डिसेंबर, रविवार

ओळीला बारा मिनिटं. चौदा ओळी म्हणजे पावणेतीन तास, शिवाय पुन्हा एकदा ताडून बघायचं. पहिल्या दिवशी उतरवायचं, दुसऱ्या दिवशी ताज्या डोळ्यांनी पहिली प्रत न बघता परत उतरवायचं आणि मग दोन्ही जुळवायच्या. हे बाबांनीच सुचवलं. एकदाच उतरवलेल्यात आपल्याला हवं ते दिसतं, असं ते म्हणाले. रोख ओट्याकडे असावा.

सोबत न्यायचं: पेन्सिली पाच, शार्पनर, खोडरबर नाही (चूक झाली तर काट मारायची, म्हणजे चूकही दिसते), भिंग, कागदी फूटपट्टी, ४० आणि ४२ व्या पत्रांच्या मोठ्या प्रिंट, सकळचा तक्ता, अर्जाची पोच, आधार कार्ड.

४ जानेवारी, रविवार, रात्री, नागपूर

सकाळी मोर्शी-अमरावती, मग नागपूरची एसटी. स्टँडवर मामाजी हजर, पायाशी संत्र्याचं भरलेलं क्रेट.

"थ्या ग्रंथपाल बाईले द्या."

म्हटलं, मामाजी, ते बरं दिसत नाही, तिथे आत खायचं काही चालत नाही.

"बाईच्या घरी द्या. संत्र्याची कोन्ती लाच असते का?"

क्रेट आता लॉजच्या खोलीत आहे. खोलीभर वास. डझनभर मॅनेजरला दिली, बाकीचं काय करायचं कळत नाही.

निघताना त्यांनी आणखी एक विचारलं होतं, तिथले लोक पोथीला हात धुऊन शिवतात का. हो म्हणालो. तेवढ्याने त्यांचं समाधान झालं.

५ जानेवारी, सोमवार, दुपारी १ वाजून १० मिनिटं

व्हरांड्यात बसून लिहितोय.

सही, पिशवी बाहेर, हात धुणे, वीस मिनिटं. पोथी लाल बासनातच आली, आपल्यासारखीच गाठ. मऊ उशीवर ठेवून दिली. आधी ३८ वं पत्र पाहिलं: मजकूर पुढच्या बाजूवरच संपतो, सहाव्या ओळीत. मग २६ मागे.

अंदाज तिसऱ्या ओळीचा होता. जागा नवव्या ओळीत निघाली, सहा ओळींनी चुकलो. आपल्या ४० व्या पत्रातले शेवटचे चार शब्द जसेच्या तसे, आणि वाक्य तिथे तुटत नाही, पुढे जातं. राजमठ, उत्तरेकडची ती जागा, मग एक वाट.

२६ वरच्या तीन ओळी आणि २७ वरच्या चार, अशा सात झाल्या. ओटा आहे. निंबही आहे. गावाचं नाव अजून आलेलं नाही. सात ओळी राहिल्यात, दोन वाजता दार उघडेल.

मोबाइलवर मामाजींचे तीन मिस्ड कॉल.